'वयाचं आहे' म्हणण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. ही आता कॉम्प्युटरवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आपल्या ग्रुपवर मैत्रिणी वरचेवर लिहितात, 'हातापायांना मुंग्या येतात गं.' त्यावर उत्तर ठरलेलं, 'पाळी जायचं वय आहे, चालायचंच.' मला आज या उत्तराविषयी बोलायचं आहे. मित्रांनो, तुम्हीही ऐका. यातली बरीच कारणं तुम्हालाही लागू आहेत.

मी डॉक्टर नाही. पण मागच्या वर्षी मलाही हा त्रास झाला आणि त्या निमित्ताने मी डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले.

आधी पाळीचं बघू. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे तिचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन खाली-वर होत राहतं. नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतो, त्यामुळे मुंग्या येऊ शकतात. १९५० च्या दशकात कुपरमन या अमेरिकन डॉक्टरांनी रजोनिवृत्तीच्या ११ लक्षणांची यादी केली, तिच्यात मुंग्याही आहेत. तेव्हा ही तक्रार मनाचे खेळ नाही. मात्र मुंग्या पाळीमुळेच येतात, हे सिद्ध करणारी एखादी रक्ततपासणी नाही. बाकीची कारणं तपासून बाजूला काढल्यावरच तिथे बोट ठेवता येतं. आणि ती बाकीची कारणंही नेमकी याच वयात डोकं वर काढतात.

मुंग्या कुठे आणि कधी येतात, यावरून बरंच कळतं. मला रात्री झोपेत उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. हात झटकला की बरं वाटायचं. करंगळी मात्र ठीक. हे मनगटातली नस दाबली जाण्याचं लक्षण. त्याला कार्पल टनेल म्हणतात आणि ते बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त आढळतं. घरच्यांनी सगळा दोष कीबोर्डला दिला. डॉक्टरांनी मात्र थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण थायरॉईड कमी पडलं तरी ही नस दाबली जाते. माझा टीएसएच वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली, रात्री मनगटाला पट्टा बांधू लागले आणि काही महिन्यांत झोप परत आली.

दोन्ही तळपायांपासून मुंग्या सुरू होऊन हळूहळू वर चढत असतील, तर मधुमेह आणि बी-१२ या दोन गोष्टी आधी बघाव्यात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह समजतात.

बी-१२ बद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांत शाकाहार आहे. हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तरी ते कमी पडतं. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही बी-१२ कमी असू शकतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. उशीर झाला तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही. उपाय साधा, इंजेक्शन किंवा गोळी. 'चालायचंच' म्हणत दोन वर्षं घालवणं परवडत नाही ते यासाठी.

मानेचे मणके, कॅल्शियमची कमतरता, काही औषधं, दारू हीही कारणं असू शकतात. जीव घाबरा होऊन श्वास भराभर चालला की ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास संथ झाला की त्या जातात.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची नोंद न्या: कुठली बोटं, किती वाजता, कशाने कमी होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. साखर, टीएसएच, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, हे स्वतःहून विचारा. सगळं ठीक निघालं, तर मग पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. त्यावरही उपचार आहेत.

मात्र एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर नोंदी करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. मांड्यांमध्ये बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला, तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

शाळेत आपण एकमेकींच्या वह्या तपासून द्यायचो. आता एकमेकींना एवढंच विचारूया, 'तपासून आलीस का?' पुढच्या मेळाव्याला सगळ्यांनी धडधाकट यायचं आहे.