निव्वळ शून्याचा अर्थ



कृषी सहायक शेतकऱ्याला सांगतो, ‘जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवा.’ संध्याकाळी बातम्यांत तोच शेतकरी ऐकतो, ‘कर्ब उत्सर्जन घटवा.’ मातीत राहिलेला कर्ब पीक पोसतो आणि हवेत गेलेला कर्बवायू उष्णता अडवून धरतो, हा धागा त्याला कोणी जोडून देत नाही. मग त्याने दोन्ही उपदेश सोडून दिले, तर दोष कोणाचा? ‘हरितगृह वायू’चीही तीच गत. मावळात हरितगृह म्हणजे गुलाबाची शेती. त्यात संकट कसले?

सर्वांत मोठी गफलत ‘निव्वळ शून्य’ या शब्दाने केली आहे. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारतासाठी २०७० हे लक्ष्य जाहीर केले. व्यापाऱ्याला ‘निव्वळ नफा’ कळतो. परंतु ‘निव्वळ थापा’ म्हणताना हाच शब्द ‘केवळ’ या अर्थाने येतो. त्यामुळे एके दिवशी सगळ्या चिमण्या बंद होणार, अशी समजूत पसरते. वस्तुतः हा जमाखर्च आहे. जेवढे वायू सोडले तेवढे वनांनी, मातीने किंवा यंत्रांनी शोषून घेतले की खाते शून्यावर येते.

त्याच परिषदेच्या अखेरीस कोळशाचा वापर ‘संपवणे’ या शब्दाऐवजी ‘टप्प्याटप्प्याने घटवणे’ हा शब्द भारताच्या आग्रहाने आला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरवले. परंतु त्याच्या काही दिवस आधीच अमेरिका व चीन यांच्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशाबाबत ‘घटवणे’ हाच शब्द होता, आणि श्रीमंत देशांच्या तेला-वायूबद्दल ठराव मूक होता! गरिबाच्या चुलीचा धूर आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका मापाने मोजू नका, हे अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच मांडले होते.

मात्र शब्दांचा आडोसा आपणही घेऊ नये. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ‘उत्सर्जन तीव्रता’ ४५ टक्क्यांनी घटवू, असे भारताने २०२२ मध्ये कळवले. ही घट उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागची आहे. एकूण धूर त्या काळात वाढूही शकतो. विकसनशील देशाला ते क्षम्य आहे, पण ‘धूर ४५ टक्के घटला’ असे भाषणात ठोकून देणे क्षम्य नाही.

कोळशापासून एक युनिट वीज करताना सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाताना ‘तीव्रता’ नंतर सांगावी. आधी विजेचे बिल मागावे आणि त्यावरचे युनिट गृहिणीसोबत वाचावेत.