बालकांच्या लसी आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या कळंब येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. यंदा मंडळाने आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर वाड्यावस्त्यांवर मुळाक्षरे गिरवून घेतलेल्या शिक्षकास उभे केले, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु शाळेच्या हजेरीपटावरून आजारांचा प्रवास आम्ही जवळून पाहिला आहे. त्या अनुभवाच्या आधारावरच चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या वयाच्या मंडळींनी आपापल्या दंडाकडे पाहावे. तेथे देवी टोचल्याचा वाटोळा वण दिसेल. आपल्या नातवंडांच्या दंडावर तो नाही, कारण त्याची गरजच उरली नाही. इंग्लंडात जेन्नर यांनी 1796 साली गाईच्या देवीपासून लस टोचण्याचा प्रयोग केला. अवघ्या सहा वर्षांत, 14 जून 1802 रोजी, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली लस होय. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे झगडावे लागले. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे 1975 मध्ये आढळला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. ज्या रोगास आपल्या आज्या-पणज्या देवी म्हणून हात जोडीत, तो आज केवळ पुस्तकात उरला आहे.

दुसरी गोष्ट प्लेगाची. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. हाफकिन या संशोधकांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. दुसऱ्याच्या मुलास सुई लावण्याआधी स्वतःस लावणे, याहून मोठी ग्वाही कोणती? त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. आणि त्याच पुण्यात घरोघर शिरून केलेल्या सक्तीच्या तपासणीने लोक असे बिथरले की रँडसाहेबाचा वध झाला. एकाच वर्षाने आपणास तीन धडे दिले. शास्त्र हवे, सेवा हवी आणि लोकांचा विश्वासही हवा. तिसरा नसेल तर पहिले दोन लंगडे पडतात.

विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिन यांची लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दूषित झाली होती ती एकच बाटली. पण ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि त्यांचे नाव निर्दोष ठरावयास 1907 साल उजाडले. चूक घडली तर ती झाकू नये, कसून शोधावी. लसीवरचा विश्वास अशानेच टिकतो.

आजची लस बाजारात येण्यापूर्वी कशी पारखली जाते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जुलाबाने लहान मुले सुकून दगावतात, त्यास अनेकदा रोटा नावाचा विषाणू कारण असतो. त्यावरील भारतीय लसीची परीक्षा दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडील गावे अशा तीन ठिकाणी मिळून 6,799 अर्भकांवर झाली. आईबापांची संमती घेऊन काहींस लस व काहींस तशीच दिसणारी पण लस नसलेली मात्रा देण्यात आली. कोणास काय मिळाले हे देणाऱ्यासही ठाऊक नव्हते, म्हणून निकालात कोणाची मर्जी शिरली नाही. पहिल्या वर्षात या विषाणूचा तीव्र जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाला, असे आढळले. 2016 पासून ही लस टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरातील शेतकरी मातांनी आपली तान्ही मुले या परीक्षेसाठी पुढे केली. त्यांचे ऋण आपण विसरू नये.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि तो सांगताना आमची मान खाली जाते.

सरकारने 1985 साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू केला. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर यांवरील लसी मोफत मिळू लागल्या. 1990 च्या सुमारास आम्ही एका वाडीच्या शाळेवर होतो. टोचणीच्या दिवसापूर्वी लहान मुलांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. दिवाळी सरली होती आणि वाडीतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून गेली होती. 9 नावांपुढे आम्ही सुवाच्य अक्षरात ‘बाहेरगावी’ असे लिहिले आणि सही केली. भट्टी होती अवघ्या दोन-अडीच तासांच्या वाटेवर. आम्ही चौकशी केली नाही, परिचारिकाबाईंस ठिकाणही सांगितले नाही. पावसाच्या तोंडाशी माणसे परतली आणि मागोमाग गोवर आला. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून आया बसून राहिल्या. त्या 9 नावांपैकी दोन मुले गेली. त्यांतील एकाची बहीण आमच्या दुसरीच्या वर्गात होती. ती पुढे शाळेत आली तेव्हा हजेरी घेताना आमच्या तोंडून तिचे नाव फुटेना. आम्हांस कोणी दोष दिला नाही, कारण यादी कागदावर निर्दोष होती. पण रोग कागद वाचीत नाही.

बंधुभगिनींनो, गोवराचा एक रोगी असुरक्षित अशा बारा ते अठरा जणांस तो देऊ शकतो. यास्तव शंभरातील पंचाण्णव मुलांस लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या तरच त्याची वाट बंद होते. उरलेली पाच एकाच वाडीत वा एकाच भट्टीवर गोळा झाली की वाट पुन्हा मोकळी. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे आणि भिवंडी-मालेगावात गोवर उसळला व त्याने बालके नेली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. उलट पोलिओकडे पाहा. 1995 पासून घरोघर, फलाटावर, बसस्थानकावर थेंब पाजण्यात आले, कोणासही ‘बाहेरगावी’ म्हणून सोडले नाही. जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा नवा रोगी आढळला नाही आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला. जो हिशेब आम्हांस जमला नाही, तो देशास जमला.

शिकलेल्या घरांतून आता वेगळीच कुजबुज ऐकू येते की, रोगच दिसत नाही तर टोचावे कशास? कोणी म्हणतो, गोवराच्या लसीने मूल मंदावते. हे खूळ 1998 च्या ज्या इंग्रजी लेखातून पसरले, तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाने स्वतःच 2010 साली मागे घेतला. टोचल्यावर दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, हे खरे. पण रोग दिसत नाही तो लसीमुळेच दिसत नाही. पीक उत्तम आले म्हणून शेताचे कुंपण कोणी काढून टाकीत नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या ज्ञातीतील कित्येकांच्या वीटभट्ट्या आहेत, कित्येकांच्या शेतघरांवर वाडीतील माणसे राबतात. हंगाम सुरू होताच आपल्याकडे आलेल्या पाच वर्षांखालील मुलांची नावे जवळच्या आरोग्य केंद्रास वा आशाताईंस कळवावीत, आणि टोचणीच्या दिवशी आयांस मजुरी न कापता सुट्टी द्यावी. लस कोणत्याही गावी मोफत मिळते, कार्ड मात्र जवळ असलेले बरे. तेव्हा आईचे कार्ड हरवू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी द्यावी. खर्च म्हणाल तर एका दिवसाच्या मजुरीचा.

कोणी म्हणेल, ज्ञातीच्या मेळाव्यात परक्या मुलांची गोष्ट कशास? आमचे उत्तर इतकेच की गोवर ज्ञाती विचारून घरात शिरत नाही. आणि तो आपल्या घरी येवो वा न येवो, आपल्या अंगणात खेळणारे मूल परके नसते. आम्ही ती 9 नावे आजही क्रमाने म्हणू शकतो. आपणांपैकी कोणावर अशी पाळी न येवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.