घरची बोली आणि शाळेचा फळा

श्रोतेहो, वणीजवळच्या आमच्या राजूरला कधी आलात, तर कान देऊन ऐका. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्या ओढीने इथे नाना मुलखांची माणसे आली. वऱ्हाडी तर इथलीच; तिच्या जोडीला हिंदी आली, तेलुगू आली. गोंडी आणि कोलामी या जिल्ह्याच्या जुन्याच बोली.

आता वर्गात चला. तेलुगू पोर पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणते, गोंडी पोर ‘येर’ म्हणते. पाणी दोघांनाही ठाऊक आहे. ठाऊक नाही तो फक्त आपला शब्द. आपण मात्र त्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे होतो! पोर गप्प बसते, आणि गप्प बसलेले पोर एक दिवस शाळेला यायचेच थांबते.

स्वीडनच्या लोकांनी परमुलखातल्या आपल्या मुलांसाठी १९०७ साली लंडनमध्ये शाळा काढली. ती आजही चालते. पुढे १९७७ साली त्यांनी आपल्या देशात आलेल्या परक्या मुलांनाही त्यांची मातृभाषा शिकवण्याची सोय केली. आपल्या घटनेत तर १९५६ सालीच कलम ३५०-अ आले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी.

राजुरात प्रत्येक बोलीची शाळा कुठून निघणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण फळ्यावर ‘पाणी’ लिहिताना शेजारी ‘नीळ्ळु’ आणि ‘येर’ लिहायला किती खडू लागतो? पोराचे तोंड एकदा उघडू द्या. मराठी मग त्याच तोंडाने येईल.