लॅबिरिंथ: बाहुल्यांचा चक्रव्यूह

जिम हेन्सन दिग्दर्शित ‘लॅबिरिंथ’ १९८६ साली प्रदर्शित झाला. तान्ह्या भावाच्या रडण्याला वैतागलेली सारा ‘गोब्लिनांनी याला न्यावे’ असे म्हणते आणि तसेच घडते. त्याला सोडवायला तिच्यापाशी तेरा तास आणि समोर अफाट चक्रव्यूह. सारा झाली जेनिफर कॉनेली. गोब्लिनांचा राजा गायक डेव्हिड बोवी. गाणी बोवीचीच, पार्श्वसंगीत ट्रेव्हर जोन्स यांचे. कथानक जरा विस्कळीतच.

खरी करामत बाहुल्यांची. सुरुवातीचे घुबड संगणकावर साकारले, बाकी बहुतेक सारे मानवी हातांचे काम. बुटक्या हॉगलच्या पोशाखात शॅरी वायझर असत. चेहऱ्यावरचे भाव मात्र बाहेरून रेडिओ-नियंत्रणाने उमटवले जात. हॉगलला आवाज दिला हेन्सनपुत्र ब्रायनने. राजाच्या बोटांवर लीलया फिरणारे स्फटिकगोल बोवी फिरवतच नव्हता! त्याच्यामागे दडून, गोल दिसत नसतानाही, ते खेळवत होता मायकल मॉशेन.

चित्रपटाला सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च आला. अमेरिकेतील चित्रपटगृहांतून त्याच्या जेमतेम निम्मेच वसूल झाले. पुढे घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींनी त्याला निष्ठावान प्रेक्षक मिळवून दिला. हेन्सन मात्र १९९० मध्ये वारले. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट.