रकान्यांचे नियम



विद्यार्थ्यांची माहिती संगणकावरील अर्जात भरताना प्रत्येक रकान्यामागे एक पहारेकरी उभा असतो. रकाना रिकामा राहू नये, तारीख ठराविक मर्यादेत असावी, असे नियम अर्ज तयार करणाऱ्याने प्रोग्राममध्ये लिहिलेले असतात. एचटीएमएल भाषेत ‘रिक्वायर्ड’, ‘मिन’, ‘मॅक्स’, ‘पॅटर्न’ अशा एकेका शब्दाने ते लावता येतात. लिहिणे सोपे आहे; कोणता नियम लावावा हे ठरविणे अवघड.

आधार क्रमांक घ्या. तो १२ अंकी असतो व त्याचा शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून, डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने काढलेला असतो. म्हणून एखादा अंक चुकला, अथवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले, तर यंत्र तत्काळ अडविते. हा नियम उत्तम होय. जे संभवतच नाही तेवढेच तो नाकारतो. एका मुलाचा खरा क्रमांक दुसऱ्यापुढे पडला, तर मात्र त्याला पत्ता लागत नाही.

‘नावात फक्त अक्षरे चालतील’ हा नियमही वरवर निर्दोष दिसतो. परंतु युनिकोड पद्धतीत क, म, ल ही अक्षरे, तर काना, वेलांटी, मात्रा ही निराळ्या वर्गातील चिन्हे होत. त्या चिन्हांना मुभा द्यावयाची राहिली, तर ‘कमल’ उत्तीर्ण होते आणि ‘सीता’ अनुत्तीर्ण! बाराखडी शिकविणाऱ्यास हे हास्यास्पद वाटेल. पण देवनागरी ध्यानात न घेता लिहिलेल्या नियमात ही चूक सहज राहून जाते.

आडनावाची सक्ती याहून घातक. प्रवेशाचा दिवस आहे, पालक दारात उभे आहेत, मुलाला आडनाव लावलेले नाही आणि अर्ज पुढे सरकत नाही. शिक्षक रकान्यात एक टिंब देतो. नियम पाळला जातो, नोंद खोटी होते. जन्मदाखल्याचा क्रमांक सक्तीचा केला, तर गोष्ट आणखी पुढे जाते. कारण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

नियम सैल करणे हे बहुधा प्रोग्राममधील एकदोन ओळींचे काम असते. पण अडचण कळल्यावाचून ते कोण करणार? म्हणून टिंब देण्यापूर्वी पडद्यावरील सूचना जशीच्या तशी उतरून घ्यावी आणि कोणत्या रकान्यात काय लिहिले असता अर्ज अडला, ते तालुक्यास लेखी कळवावे. मुलास मात्र त्याच दिवशी वर्गात बसवावे.