उतारवय आणि शरीराचा तोल

उतारवयांत पुष्कळ माणसांना दुखण्यापेक्षां पडण्याची धास्ती अधिक असते, आणि ती निराधार नसते. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर किंवा उंबरठ्याशीं पाऊल अडखळतें, खुब्याजवळचें हाड मोडतें, आणि कालपर्यंत स्वतःचें स्वतः पाहणारें माणूस एका दिवसांत परस्वाधीन होतें. म्हणून घरचीं मायेचीं माणसें म्हणूं लागतात, “तुम्ही उठूं नका, काय हवें तें जागेवर आणून देऊं.” सल्ला प्रेमाचा खरा, पण त्याचा परिणाम बहुधा उलटा होतो.

तोल सांभाळणें ही एकट्या पायांची करामत नव्हे. डोळ्यांना दिसतें तें, कानाच्या अंतर्भागांतील समतोलाच्या इंद्रियाला कळतें तें, आणि तळपाय व सांधे यांना जाणवतें तें, या तिहींचा मेळ मेंदू घालतो व त्याप्रमाणें स्नायूंना चालवितो. वयाबरोबर या सर्वच व्यवहारांत मंदपणा येतो. त्यांत हालचाल थांबली कीं स्नायू रोडावतात. मांडीचे स्नायू दुबळे झाले कीं गुडघ्याला आधार उरत नाहीं व तो दुखूं लागतो. दुखतो म्हणून माणूस बसून राहतें, आणि बसल्यामुळें स्नायू आणखी दुबळे होतात. हें चक्र कोठें तरी तोडलें पाहिजे.

तें तोडतां येतें, याचा उत्तम दाखला न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरीं मिळाला. तेथील ओटागो विद्यापीठांतील जॉन कॅम्पबेल व त्यांचे सहकारी यांनीं ८० वर्षें व त्यावरील वयाच्या २३३ स्त्रियांवर केलेला प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्या स्त्रियांना घरच्या घरीं करावयाचे व्यायाम शिकविले. बाकीच्यांच्या केवळ भेटी घेतल्या. वर्षभरांत व्यायाम करणाऱ्या गटांत पडण्याचे ८८ प्रसंग घडले, तर दुसऱ्या गटांत १५२.

हे व्यायाम साधे आहेत. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघा सरळ करणें; टेबलाचा आधार धरून टाचा उचलणें; एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच भिडवीत चालणें; एका पायावर उभें राहणें; आणि शक्य तर हात न टेकतां खुर्चीवरून उठणें. आठवड्यांतून तीन वेळां, दर वेळीं अर्धा तास, आणि शिवाय चालणें, एवढाच हा क्रम. शक्ति वाढेल तसतसें वजन वाढवावें व आधार कमी करावा.

दुखऱ्या गुडघ्यालाही हालचाल मानवते. चीनमधील ताई ची या संथ व्यायामाचा बोस्टन येथें गुडघ्याच्या झिजेच्या २०४ रुग्णांवर प्रयोग झाला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें बारा आठवड्यांत त्यानें नेहमीच्या व्यायामोपचाराइतकाच आराम पडला.

सावधगिरी मात्र हवीच. आरंभीं भिंत किंवा जड टेबल हाताशीं असावें. व्यायामानंतर थोडें अंग दुखणें स्वाभाविक. परंतु दुसऱ्या दिवशींही ठणका वाढलेला राहिला, तर व्यायाम कमी करावा. सांधा सुजला, छातींत दुखलें किंवा भोवळ आली, तर थांबून डॉक्टरांस विचारावें. पूर्वीं पडलेल्या माणसानें तर त्यांच्या सल्ल्यानेंच आरंभ करावा.

मायेच्या माणसांनीं वडीलधाऱ्यांना बसवून ठेवूं नये. तीं खुर्चीवरून उठूं लागलीं, कीं आपण शेजारीं उभें राहावें.