गड उतरला तरी न उतरणारा थकवा

आजचा भाग रेकॉर्ड करतोय गुंजवण्यातून, राजगडाच्या पायथ्याशी बसून. मध्येच एसटीचा हॉर्न किंवा कोंबडा ऐकू आला, तर सांभाळून घ्या.

इथून वर जाते ती चोर दरवाज्याची वाट. आधी जंगलातली चढण, मग खडकाचा टप्पा, रेलिंग धरून वर, आणि वाकून दरवाज्यातून आत शिरलं की पद्मावती माची. माणूस घामाघूम होतो. खाली येऊन पिठलं-भाकरी, रात्रभर गाढ झोप. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, तिसऱ्या दिवशी पुढच्या ट्रेकचं प्लॅनिंग सुरू! हा आपल्या ओळखीचा थकवा.

आता दुसरा थकवा सांगतो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण २०२१पर्यंत सगळ्यांच्या पुढे चालायची. मग एकदा ताप आला. ताप गेला, पण ती पूर्वीसारखी झालीच नाही. एक दिवस जरा बरी दिसली, म्हणून आम्ही तिला आग्रह करून फिरायला नेलं. त्या दिवशी ती हसत-बोलत होती. दोन दिवसांनी मात्र तिला उठून केस विंचरणंही जमेना. सगळा आठवडा अंथरुणात गेला. आणि मी ग्रुपवर काय टाकलं? ‘नाटकं बंद कर गं.’ त्या मेसेजची मला आजही लाज वाटते.

तिच्या आजाराचं नाव नंतर कळलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई/सीएफएस. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच तो मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवलाय. बऱ्याचदा एखाद्या संसर्गानंतर तो सुरू होतो. कोविडनंतरही अनेकांना अशीच लक्षणं दिसली.

याची मुख्य खूण नीट ऐका. थोडेसे श्रम केले, शरीराचे किंवा डोक्याचे, तरी त्रास वाढतो. तोही लगेच नाही, बहुतेक वेळा १२ ते ४८ तासांनी. आणि मग तो काही दिवस, कधी काही आठवडे राहतो. झोप होते, पण सकाळी ताजंतवानं वाटत नाही. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. उभं राहिलं की गरगरतं. म्हणून तर फसगत होते. आपल्याला माणूस दिसतो तो बऱ्या दिवशी. त्यानंतरचे दिवस फक्त त्याच्या खोलीला माहीत असतात.

आपल्याकडे थकवा म्हटलं की ‘रक्त कमी असेल’ म्हणून विषय संपतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. तो २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. साधारण १२ टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या. त्यांचा थकवा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध सापडला नाही. उपासमार, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मनावरचा ताण यांच्याशी मात्र सापडला. हा सगळा थकवा म्हणजे एमई/सीएफएस नव्हे, हे लक्षात ठेवा. पण धडा एकच आहे. थकव्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय ती कळत नाहीत.

दुसरा आवडता सल्ला म्हणजे ‘व्यायाम कर, रोज थोडा वाढव’. आधी ब्रिटनमध्येही डॉक्टर हेच सांगायचे. २०२१मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने मार्गदर्शक सूचना बदलल्या. या आजारात ठरवून वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं.

मग करायचं काय? एक, डॉक्टरांकडे जा. या आजाराची स्वतंत्र टेस्ट नाही, त्यामुळे थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ वगैरे तपासून बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात. दोन, काय केलं आणि किती तासांनी त्रास वाढला, ते फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. तीन, ताकद डेटा पॅकसारखी वापरा. फरक एवढाच, की इथे आज जास्त वापरलं तर पुढच्या चार दिवसांचाही डेटा कापला जातो. म्हणून संपायच्या आधी थांबायचं. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही, पण झोप, दुखणं, गरगरणं यांवर उपचार होऊ शकतात.

आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांच्यासाठी एकच काम. १२ मे हा या आजाराच्या जनजागृतीचा दिवस असतो, पण तेवढी वाट बघू नका. तुमच्या ग्रुपमध्ये हल्ली न दिसणारं कुणी आठवतंय? त्याला ‘कधी येतोस?’ विचारू नका. ‘मी येऊ का, दहा मिनिटं?’ असं विचारा. ‘नको’ म्हणाला, तर राग धरू नका.

मी आमच्या मैत्रिणीला तसं विचारलं. ती म्हणाली, ‘ये, पण बोलायचं तू.’ पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.